सांगलीच्या बाजारातून जर्मनीला: कुकर, मिक्सर, मसाला आणि पेढे यांचं परीक्षण

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात २०२४ साली कुशल मनुष्यबळाबद्दल करार झाला. तेव्हापासून सांगली-मिरजेत नर्सिंग किंवा तांत्रिक शिक्षण घेतलेल्या मुलामुलींच्या घरी जर्मनीचं नाव जास्त ऐकू येतं. व्हिसा हातात पडला की घरचे गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड असा फेरा मारतात आणि बघता बघता बॅग भरते. त्या बॅगेतलं स्वयंपाकघराचं सामान इथे तपासलं आहे. कसोट्या तीनच. तिकडच्या शेगडीवर आणि विजेवर ते चालतं का, विमानतळावर किंवा कस्टममध्ये ते अडतं का, आणि तीच वस्तू तिकडे सहज मिळत असेल तर इथून वाहून नेण्यात अर्थ आहे का.

वजनाचं गणित आधी. इकॉनॉमी तिकिटावर सहसा २३ किलोची एक बॅग मिळते, काही कंपन्या दोन देतात. आपल्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघूनच खरेदीला बाहेर पडावं. कुठलीही एक बॅग ३२ किलोच्या वर घेतली जात नाही. एकाच बॅगेची सोय असेल तर कपडे, थंडीचं जाकीट, बूट आणि कागदपत्रं यांत १४-१५ किलो सहज जातात. स्वयंपाकघराला उरतात आठ किलो. तांदूळ, डाळ, साखर, मीठ यांत ते घालवू नयेत. तूरडाळ आणि बासमती तिकडच्या भारतीय दुकानात मिळतात, लाल मसूरडाळ तर साध्या सुपरमार्केटमध्येही असते. मऊ भाताला किंवा खिचडीला ‘मिल्शराइस’ नावाचा गोल दाण्याचा तांदूळ चांगला चालतो.

आता कुकर. आठ किलोंपैकी दोन किलो यालाच द्यावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. तिकडे कुकर मिळत नाही असं नाही, पण तिथले कुकर शिट्टीचे नसतात, मोठे असतात आणि महागही. आपल्या हाताला सवय असलेला तीन लिटरचा कुकर एक-दोन माणसांना पुरतो. पाच लिटरचा नेऊ नये. डाळ-भात एकट्यासाठी लावताना त्यात पाणी जास्त आणि वेळही जास्त लागतो.

कुकर कुठल्या कंपनीचा, यापेक्षा त्याचं बूड कसं आहे हे महत्त्वाचं. जर्मनीतल्या घरांत गॅस कमी. बहुतेक ठिकाणी काचेची सपाट शेगडी असते आणि ती दोन प्रकारची. एकीत काचेखाली तार तापते, तिला तिकडे सेरान म्हणतात. दुसरी इंडक्शन, ती फक्त लोहचुंबक चिकटेल अशा बुडाचंच भांडं तापवते. कुठल्या खोलीत कुठली असेल हे इथून कळत नाही, म्हणून दोन्हींवर चालेल असाच कुकर घ्यायचा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. काळा हार्ड ॲनोडाइज्ड कुकरसुद्धा, बुडाला पोलादी चकती बसवलेली नसेल तर, तापत नाही. इथे पुष्कळांची फसगत होते, कारण तो दिसायला भारी असतो आणि किंमतही तशीच.

दुकानात जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवावा. फ्रिजवर चिकटवायचा छोटासुद्धा चालतो. तो बुडाच्या मध्यभागी आणि कडेला, दोन्हीकडे घट्ट चिकटला पाहिजे. मध्ये चिकटतो आणि कडेला सुटतो असं झालं तर चकती लहान आहे. अशा कुकरमध्ये मधला भात करपतो आणि कडेचा कच्चा राहतो. मग स्टीलची फूटपट्टी बुडावर आडवी धरावी. मध्ये केसभर फट दिसली तर हरकत नाही, तापल्यावर धातू फुगून ती भरून निघते. पण बूड बाहेरच्या बाजूला फुगलेलं असेल आणि टेबलावर ठेवल्यावर कुकर गरगर फिरत असेल तर तो घेऊ नये. घरातला जुना कुकर देण्याआधी हीच परीक्षा करावी. गॅसवर वर्षानुवर्षं वापरलेल्या कुकरचं बूड बहुधा फुगलेलंच असतं. बुडाची रुंदी साधारण १५ सेंटिमीटरच्या पुढे असावी, कारण फार अरुंद बूड इंडक्शन शेगडीवरच्या मोठ्या चकतीला ओळखूच येत नाही. चिन्ह लुकलुकत राहतं आणि शेगडी सुरू होत नाही. पोटाला गोल आणि बुडाला निमुळते हंडीच्या आकाराचे कुकर याच कारणाने टाळावेत. तीन थरांच्या बुडाचा स्टेनलेस स्टीलचा, आयएसआय छाप असलेला कुकर हा सगळ्यात बिनधोक पर्याय. घरगुती कुकरसाठीचं भारतीय मानक आयएस २३४७ आहे. तो आकडा आणि परवाना क्रमांक कुकरवर उमटवलेला असतो.

वापरण्याची पद्धत मात्र बदलावी लागते. गॅस बंद केला की आच संपते. सेरान शेगडीची काच बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे तीन शिट्ट्यांना बंद केलेला कुकर पाच शिट्ट्या देतो आणि भाताचा लगदा होतो. पहिली शिट्टी येईपर्यंत आच मोठी, मग १ ते ९ अशा खुणा असतील तर ३ वर आणावी, आणि वेळ झाली की कुकर उचलून दुसऱ्या थंड चकतीवर ठेवावा. ओढत नेऊ नये, काचेवर ओरखडे पडतात आणि घर सोडताना त्याचे पैसे अनामत रकमेतून कापले जाऊ शकतात. ही अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असू शकते, म्हणजे रक्कम लहान नाही. इंडक्शनवर उलट अडचण येते. ती इतकी झटकन तापते की ‘बूस्ट’वर, म्हणजे सगळ्यात मोठ्या आचेवर, ठेवलेल्या कुकरच्या बुडाशी डाळ लागते आणि वर अजून वाफही धरलेली नसते. कुकर कायम मध्यम आचेवरच लावावा. शिट्टीचा आवाज तिकडच्या लोकांच्या कानाला नवा असतो. सामायिक स्वयंपाकघर असेल तर सोबतच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

म्युनिकसारख्या शहरांत पाणी जड आहे. जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. दोन तास भिजवून ठेवावी, नाहीतर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. कुकरच्या आत पांढरा थर बसतो. पाण्यात चार चमचे व्हिनेगर घालून झाकण न लावता उकळलं की तो सुटतो. भांडी धुण्याच्या यंत्रात कुकरचं झाकण आणि ॲनोडाइज्ड भांडं घालू नये. त्या यंत्राच्या साबणाने काळा थर पांढुरका होतो आणि रबर कडक पडतं.

आणि हे रबर म्हणजेच खरी मेख. दोन किलोंचा कुकर नेतात आणि पन्नास ग्रॅमचं रबर विसरतात. रोजच्या वापरात वर्षभरात ते सैल पडतं, वाफ कडेने जायला लागते, शिट्टी येत नाही. त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं आणि त्याच लिटरचं रबर लागतं. दुसरं बसत नाही आणि जर्मनीतल्या साध्या दुकानात मिळतही नाही. दोन रबरं, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक जास्तीची शिट्टी कुकर घेतानाच घ्यावी. सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू कुकरमधलं पाणी संपून तो फार तापला की वितळतो आणि वाफ मोकळी करतो. एकदा वितळला की नवा बसवल्याशिवाय कुकर निरुपयोगी. सेरानवर कुकर विसरून राहण्याची शक्यता जास्त, त्यामुळे दोन नेले तरी जास्त होत नाहीत.

तव्याबद्दल थोडक्यात. खोलगट लोखंडी तवा, जो भाकरीला आपल्याकडे उत्तम, तो सपाट काचेवर टेकतच नाही. सपाट, जाड लोखंडी तवा इंडक्शनवर मस्त चालतो. पातळ पत्र्याचा मात्र एकदम तापून वाकतो. पण असा तवा दीड किलोपर्यंत भरतो आणि जाड बुडाचं सपाट पॅन तिकडे स्वस्तात मिळतं. तवा ठेवून जावा. फुलका आचेवर फुगवता येत नाही, तव्यावरच स्वच्छ फडक्याने कडा दाबून फुगवायची सवय लावावी लागते. पोळपाट नकोच, ओट्यावर लाटता येतं. लाटणं मात्र जरूर न्यावं. तिकडचं लाटणं जाडजूड असतं, त्याने पोळी होत नाही.

मिक्सर नेण्याबद्दल सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. वीज दोन्हीकडे सारखीच आहे, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे आपला मिक्सर जर्मनीत थेट चालतो. (अमेरिकेला निघालेल्यांनी तो नेऊ नये. तिथे १२० व्होल्ट आहेत. आपला मिक्सर नीट फिरत नाही आणि व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड होतो.) तिकडे मिळणारे उभे मिक्सर फळांच्या पेयांसाठी असतात. त्यांत ओल्या खोबऱ्याची चटणी, शेंगदाण्याचं कूट किंवा वाटण होत नाही, पातं नुसतं वरचेवर फिरत राहतं. म्हणून वर्षानुवर्षं राहायला आणि रोज स्वयंपाक करायला जाणाऱ्याने ५०० वॅटचा, दोनच भांड्यांचा मिक्सर न्यावा. चटणीचं छोटं भांडं हवंच, दुसरं मधलं. मोठं भांडं ठेवून जावं, त्यात एक-सव्वा किलो वाचतं. सुरुवातीचे काही महिने रुग्णालयाच्या वसतिगृहात राहायचं असेल, आणि नर्सिंगला जाणाऱ्यांचं तसं बरेचदा असतं, तर मिक्सर पहिल्या फेरीत नकोच. पुढच्या खेपेला आणावा. कोरडे मसाले दळायला तिकडचा छोटा कॉफी ग्राइंडर तोवर पुरतो.

मिक्सरसोबत भांड्याखालचा रबरी कपलर एक जास्तीचा घ्यावा. सगळ्यात आधी तोच झिजतो. दळता दळता मिक्सर एकाएकी बंद पडला तर तो जळाला असं समजू नये. खालच्या बाजूला लाल बटण असतं, दहा मिनिटं थंड होऊ देऊन ते दाबलं की सुरू होतो. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर आवाज करायचा नाही ही तिथली रीत आहे आणि ती पाळली जाते. आठवड्याचं कूट शनिवारी दुपारपर्यंत करून ठेवावं.

प्लगचा प्रश्न लहान दिसतो, पण चूक इथेच होते. जर्मनीतलं सॉकेट गोल आणि खोल असतं, अर्थिंगच्या पट्ट्या त्याच्या कडेला असतात. आपला तीन पिनांचा प्लग त्यात शिरत नाही. विमानतळावर किंवा मोबाइलच्या दुकानात मिळणारा सगळ्या देशांचा एकच ॲडॉप्टर चार्जरला ठीक, पण पुष्कळदा त्यात अर्थिंग जोडलेलं नसतं. मिक्सरचं भांडं स्टीलचं, हात ओले. अर्थिंग नसलेला ॲडॉप्टर इथे चालणार नाही. आपला तीन पिनांचा प्लग घेणारा आणि कडेला धातूच्या पट्ट्या असलेला, फक्त जर्मन सॉकेटसाठीचा ॲडॉप्टर मागून घ्यावा. इथून एक एक्स्टेंशन बोर्ड नेला तर एका ॲडॉप्टरवर लॅपटॉप, मोबाइल असं सगळं चालतं. त्यावर किटली, इस्त्री किंवा हीटर लावू नये. त्या वस्तू तिकडेच घ्याव्यात, फार महाग नसतात.

आता कांदा-लसूण मसाला. संपूर्ण यादीत याला पर्याय नाही. तिकडच्या भारतीय दुकानांत बहुतेक उत्तरेकडचे मसाले असतात. आपला मसाला मिळाला तर नशीब. आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी चार ग्रॅम धरला तर एका माणसाला वर्षाला साधारण एक किलो लागतो. तेवढा न्यावाच.

घरी वर्षभरासाठी केलेला मसाला आणि प्रवासाचा मसाला यांत फरक ठेवावा लागतो. उन्हाळ्यात कांडपावर मसाला करून आणताना त्यातला किलोभर वेगळा काढायचा असेल तर त्याचा कांदा कडकडीत वाळवून मग तळलेला हवा. कांद्यात किंवा लसणात ओल राहिली की पाकिटात बुरशी धरते. खोबरं आणि तीळ चांगले भाजलेले हवेत. मसाल्यावर कडकडीत तेल ओतायची पद्धत काही घरांत आहे. डब्यात दाबून भरलेल्या मसाल्याला ती ठीक, प्रवासाच्या मसाल्याला नको. तेल सुटून पाकिटाचा जोड ओला होतो, तिथून तो फाटतो आणि कपड्यांना लागलेला मसाल्याचा डाग काही केल्या जात नाही. खडा मीठ भाजून कुटलेलं असावं, नाहीतर तेच पाणी सोडतं.

एक किलोची एकच पिशवी करू नये. अडीचशे ग्रॅमची चार पाकिटं करावीत, हवा काढून सील करून. पॅकिंगची मशीन असलेल्या मसाल्याच्या किंवा सुक्या मेव्याच्या दुकानात विचारावं. एक पाकीट वापरात आणि तीन फ्रीझरमध्ये ठेवली की वर्षभर रंग आणि वास टिकतो. बाहेर ठेवलेला मसाला खोबऱ्यामुळे काही महिन्यांत खवट लागायला लागतो. तयार पाकीटबंद मसाला नेला तर कस्टममध्ये सोपं जातं, कारण त्यावर घटक छापलेले असतात. घरचा न्यायचा तर प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव, घटक आणि तयार केल्याची तारीख लिहून चिकटवावी. घरच्या कोरड्या मसाल्याला बंदी नाही. बिननावाची लाल-तपकिरी भुकटी मात्र कुठलाही अधिकारी उघडून बघणारच.

दुबई, अबुधाबी किंवा सौदीला जाणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. आपल्या मसाल्यात पुष्कळ घरी खसखस घालतात. संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. थोडीशीच आहे, कुटलेलीच आहे, असं तिथे चालत नाही. आखाती देशांत जायचं असेल तर खसखशीशिवायच मसाला करून घ्यावा, आणि विकतच्या पाकिटावरची घटकांची ओळ एकदा नव्हे, दोनदा वाचावी. जर्मनीत ही अडचण नाही. तिथे खसखस ब्रेडवर आणि केकमध्ये घालून खातात, सुपरमार्केटमध्ये ती मिळते.

हळद न्यावी, पण पाव किलो पुरे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हरिपूरच्या पेवांमुळे, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांमुळे, हळद आणि सांगली यांचं नातं सगळ्यांना माहीत आहे. तिकडच्या दुकानांतल्या हळदीपुढे आपली हळद वासाला आणि रंगाला उजवी वाटते, म्हणून तेवढं वजन द्यायला हरकत नाही. सुट्या पुडीऐवजी ओळखीच्या ठिकाणी हळकुंडं दळून घ्यावीत. तिकडचे ओटे बहुधा पांढरे किंवा फिकट असतात, हळद सांडली की लगेच पुसावी. हलवता येण्यासारख्या वस्तूवर डाग राहिलाच तर ती दोन-चार दिवस उन्हात ठेवावी. उन्हाने हळदीचा रंग उडतो. बेदाणा मात्र ठेवून जावा. तासगावचा कितीही चांगला असला तरी तुर्कस्तानचे बेदाणे तिथे प्रत्येक दुकानात असतात आणि ते जड सामान आहे.

साताऱ्याचे कंदी पेढे. मोती चौकातून किलोभर पेढे घेऊन बॅगेत घालायचे, ही सातारा जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक घरची पद्धत, आणि नेमकं तेच जर्मनीला नेता येत नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ स्वतःपुरतेसुद्धा आणायला मनाई आहे. लहान बाळाचं दुधाचं पावडर आणि वैद्यकीय कारणाचा खास आहार यांना दोन किलोंपर्यंत सवलत आहे, पेढ्याला नाही. पेढा म्हणजे खवा आणि साखर, त्यामुळे तो सरळ दुधाच्या पदार्थांत मोडतो. साजूक तूप, बर्फी, खवा, चक्का, पनीर यांचंही तेच. सापडलं तर काढून घेऊन नष्ट करतात. ब्रिटनमध्येही भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. प्रेमाने दिलेली वस्तू कचऱ्यात जाताना बघण्यापेक्षा पेढे निघायच्या आदल्या दिवशी घरीच खावेत, आणि सोबत शेंगदाण्याची चिक्की किंवा तिळाच्या वड्या द्याव्यात. त्यांत दूध नाही.

तुपाची चिंता करू नये. ‘बुटरश्माल्त्स’ नावाने तिकडे मिळतं ते कढवलेलं लोणीच असतं. फोडणीला, पोळीला, शिऱ्याला उत्तम. श्रीखंडाला तिकडचा क्वार्क, म्हणजे चक्क्यासारखा दुधाचा पदार्थ, बांधून न ठेवताच चालतो. २० टक्के स्निग्धांशाचा घ्यावा, ४० टक्क्यांचा घेतला तर श्रीखंड जास्त मऊसर होतं. चहाची पूड अर्धा किलो न्यावी. संपल्यावर ‘ओस्टफ्रीझन’ नावाचा चहा शोधावा, तो आसामच्या पत्तीवर आधारलेला असल्याने दुधात टिकतो. ग्रीन टीच्या रांगेत उभं राहून निराश होण्याचं कारण नाही.

ताज्या वस्तूंचे नियम त्याहून कडक आहेत. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात ताजी फळं, भाज्या, पानं, रोपं, पेरणीचं बी आणायचं तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन ही पाच फळं सुटली आहेत. म्हणून ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आलं, ओली हळद, कोथिंबीर बॅगेत नको. कढीपत्ता सावलीत कुरकुरीत वाळवून न्यावा, वास कमी होतो पण फोडणीत येतो. हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या तुर्की दुकानात भरपूर मिळतात. खोबऱ्याच्या वाट्या मात्र विमानाच्याच नियमात अडतात. सुकं खोबरं तेलामुळे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरलं जातं आणि चेक-इन बॅगेतून काढून टाकतात. मसाल्यात भाजून कुटलेल्या खोबऱ्याची गोष्ट वेगळी. वाटणापुरता खोबऱ्याचा कीस तिथे केकच्या सामानाच्या रांगेत मिळतो.

भडंग सगळेच देतात. वजनाला ते हलकं, पण बॅगेची पाव जागा खातं आणि दाबलं की चुरा होतो. पाकीट फोडलं की दोन दिवसांत सादळतं. आमच्या मते अर्धा किलोच्या वर भडंग नेऊ नये. त्याऐवजी भडंगाचा मसाला दोनशे ग्रॅम न्यावा. चुरमुरे भारतीय दुकानात मिळतात, शेंगदाणे कुठेही, आणि लसूण ठेचून तेलात टाकली की दहा मिनिटांत ताजं भडंग होतं.

पिठांत गव्हाचं पीठ नेऊ नये. तिकडे गव्हाच्या पिठावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदा. त्याची पोळी रबरासारखी ओढली जाते आणि थंड झाल्यावर चामट होते. पोळीला १०५० नंबरचं आणि बारीक दळलेलं फोलकोर्न म्हणजे अख्ख्या गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं घ्यावं, गरम पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवावं. भारतीय दुकानात आट्याच्या पिशव्याही असतात. ज्वारीचं पीठ हौसेने नेतात, पण ते जुनं झालं की भाकरी थापताना तुटते. महिनाभरात संपेल एवढंच न्यावं. थालीपिठाची भाजणी मात्र किलोभर न्यावी. धान्य भाजलेलं असल्याने ती टिकते आणि एका भांड्यात, एका पॅनवर जेवण होतं. अख्खा मसूर भारतीय किंवा पाकिस्तानी दुकानातून घ्यावा. सुपरमार्केटमधला मोठा तपकिरी मसूर दिसायला जवळचा असला तरी चवीला तो नव्हे.

पोहोचल्यावरचा पहिला रविवार लक्षात ठेवून एक पिशवी वेगळी करावी. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतली काही उघडी असतात, पण नव्या गावात रात्री उतरलेल्या माणसाला ती सापडतीलच असं नाही. शनिवारी रात्री पोहोचलं तर सोमवारी सकाळपर्यंतची सोय सोबत हवी. भाजणी, मेतकूट, दोन वाट्या तांदूळ, थोडं तेल एका छोट्या घट्ट बाटलीत, मीठ, चहा, साखर, भडंग आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी. एवढं दीड किलोत बसतं. भाड्याच्या पुष्कळ घरांत स्वयंपाकघराची जागा असते, पण शेगडी, कपाटं काहीच नसतं. घर घेताना हे आधी विचारावं. तसं असेल तर पिशवीत शिजवायच्या वस्तूंऐवजी दूध न घालता केलेल्या दशम्या आणि चटणी जास्त घालावी.

फोडणीच्या धुराचा बंदोबस्त हा सामानाचा भाग नाही, तरी त्यावाचून वरचं काहीच सुखाने वापरता येत नाही. जर्मनीत झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या वाटेवर धूर ओळखणारा अलार्म बसवणं बंधनकारक आहे. स्वयंपाकघरात तो बहुधा नसतो, पण दार उघडं राहिलं की मिरचीचा ठसका बाहेरच्या अलार्मपर्यंत जातो. मोठ्या वसतिगृहात असा अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असू शकतो आणि विनाकारण वाजला तर खर्च अंगावर येऊ शकतो. म्हणून आधी दार लावायचं, खिडकी पूर्ण उघडायची, चिमणी सुरू करायची, मग तेल तापवायचं. तिकडची चिमणी बरेचदा हवा बाहेर न टाकता गाळून परत आतच सोडते, त्यामुळे लसणाचा वास एकट्या चिमणीने जात नाही. स्वयंपाकानंतर दहा मिनिटं खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, थंडीतसुद्धा. किलकिली खिडकी तासभर ठेवली तर भिंत थंड पडून ओल धरते, वास तसाच राहतो आणि घरमालकाची तक्रार येते.

बॅग भरताना कुकर रिकामा ठेवू नये. त्याच्या पोटात मसाल्याची पाकिटं, रबरं, शिट्टी, छोट्या पुड्या, सगळं एका टॉवेलमध्ये गुंडाळून भरावं; वास कपड्यांना लागत नाही आणि पाकिटं दबत नाहीत. कुकर, मिक्सर, मसाले, लोणचं हे सगळं चेक-इन बॅगेतच. हातातल्या बॅगेत तिखट-मसाल्याची भुकटी आणि तेलाचं लोणचं सुरक्षा तपासणीत अडतं. लोणच्याची बरणी काचेची नको. प्लॅस्टिकच्या बरणीचं तोंड पातळ प्लॅस्टिकने बंद करून मग झाकण आवळावं, वरून चिकटपट्टी, आणि बरणी दोन पिशव्यांत. कुकर एक्स-रेमध्ये काळा गोळा दिसतो आणि बॅग उघडून बघितली जाण्याची शक्यता असते, म्हणून तो सगळ्यात वर ठेवावा, घटकांच्या चिठ्ठ्या पाकिटांवर दिसतील अशा बाजूने.